जीवशास्त्राच्या पदवीसाठीं कॉलेज निवडतांना

दरवर्षीं बारावीचा निकाल लागला कीं, आपल्या शाळेंतून दहावी होऊन गेलेलीं मुलें आईवडिलांसह माझ्या घरीं येतात. हातांत गुणपत्रक असतें आणि प्रश्न ठरलेला असतो : "सर, जीवशास्त्राची पदवी घ्यावयाची आहे, कोणतें कॉलेज चांगलें?" या प्रश्नास एक नांव सांगून उत्तर देणें फार सोपें आहे. मीं एकदां तसें उत्तर दिलें होतें, आणि त्याची खंत मला अद्यापि वाटते.

तो विद्यार्थी पावसाळ्यांत शाळेच्या कुंपणावरील शेवाळ खरवडून आणी व भिंगाखालीं तें तासन् तास पाहत बसे. त्याच्या वडिलांनीं सल्ला विचारला, तेव्हां मीं शहरांतील एका नामांकित कॉलेजचें नांव सांगितलें. तेथें मीं स्वतः कधीं पाऊल ठेवलें नव्हतें. केवळ कीर्ति ऐकली होती. वडिलांनीं कर्ज काढून वसतिगृहाचा खर्च सोसला. पदवी हातीं आल्यावर मुलगा भेटावयास आला. सूक्ष्मदर्शकाखालीं काय काय पाहिलेंस, असें मीं विचारतांच त्यानें मान खालीं घातली. "सर, एका यंत्राभोंवतीं आम्ही दहाबारा जण असूं. आकृत्या आदल्या वर्षीच्या जर्नलांतून उतरवीत असूं." यांत मुलाचा कांहींच दोष नव्हता, न पाहतां सल्ला देणाऱ्याचा होता. तेव्हांपासून मी नांव सांगत नाहीं. कॉलेजांत जाऊन कोणते प्रश्न विचारावे, तें सांगतों. तेच येथें मांडतों.

परंतु कॉलेजला विचारण्यापूर्वीं एक प्रश्न स्वतःला विचारावा. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेंत गुण कमी पडले म्हणून जीवशास्त्राकडे वळणारे पुष्कळ असतात. त्यांत लाज नाहीं. पण सगळीं वर्षें 'मी डॉक्टर झालों नाहीं' असें म्हणत काढावयाचीं असतील, तर कोणतेंही कॉलेज चांगलें ठरणार नाहीं.

पहिला प्रश्न : शिकवितो कोण? विभागांत कायम शिक्षक किती व तासिका तत्त्वावर किती, हें निःसंकोच विचारावें. तासिका तत्त्वावरील शिक्षक कमी योग्यतेचे असतात असें नव्हे. पण शिक्षक दरवर्षीं बदलत राहिले, तर विद्यार्थ्याची ओळख होण्यांतच वर्ष सरतें. एका शिक्षकानें काय घडतें, याचें उदाहरण पहा. प्रो. पंचानन माहेश्वरी (१९०४–१९६६) हे अलाहाबादच्या, म्हणजे आजच्या प्रयागराजच्या, इविंग ख्रिश्चन कॉलेजांत शिकत असतां तेथील अमेरिकन मिशनरी शिक्षक डॉ. विन्फील्ड डड्जन यांच्या शिकवणीनें वनस्पतिशास्त्राकडे ओढले गेले. आपलें ऋण कसें फेडूं, असें शिष्यानें विचारलें, तेव्हां मीं तुझ्यासाठीं जें केलें तें तूं आपल्या विद्यार्थ्यांसाठीं कर, अशा अर्थाचें उत्तर गुरूंनीं दिल्याचें सांगतात. पुढें माहेश्वरींनीं दिल्ली विद्यापीठांत वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानाची मोठी परंपरा उभी केली. त्यांच्याच विभागांत १९६४ सालीं शिप्रा गुहा व सतीशचंद्र माहेश्वरी यांनीं धोतऱ्याच्या परागकोशांपासून, गुणसूत्रांचा एकच संच असलेलीं रोपें वाढविलीं. या साऱ्याच्या मुळाशीं एक शिक्षक होता, हें विसरूं नये.

दुसरा प्रश्न : विद्यार्थ्याच्या हातीं काय येतें? प्रवेशाच्या गर्दीच्या दिवशीं न जातां, प्रात्यक्षिक चालू असेल त्या दिवशीं जावें. यंत्रें किती आणि विद्यार्थी किती, हें मोजावें. यंत्रांवर धूळ आहे कीं बोटांचे ठसे, हें पहावें. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१४ सालच्या आदेशानें पदवीवर्गांतील प्राण्यांचें विच्छेदन बंद झालें. म्हणून ज्या पालकांनीं आपल्या काळीं बेडूक चिरला, त्यांनीं त्याच्या जागीं आज काय आहे तें विचारावें : जतन केलेले नमुने, तयार काचपट्ट्या, संगणकावरील प्रतिकृति, कीं नुसता रिकामा तास? मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या नांवाचा, वाळविलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. सर्वत्र तसा असणार नाहीं. पण विद्यार्थ्यांनीं स्वतः गोळा केलेल्या पन्नास वनस्पति तरी असाव्या.

तिसरा प्रश्न : फाटकाबाहेर काय आहे? जीवशास्त्राची अर्धी प्रयोगशाळा उघड्यावर असते. साताऱ्याजवळ कासचें पठार आहे, रत्नागिरीला खडकाळ किनारा आहे, सोलापूरजवळ नान्नजचें माळरान आहे. लहान गांवचें कॉलेज या बाबतींत राजधानीच्या कॉलेजाहून श्रीमंत असूं शकतें. मात्र शिक्षक मुलांना तेथें नेतात काय, हें दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला बाजूला घेऊन विचारावें.

चौथा प्रश्न : विषय व वर्षें कोणतीं? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तीन वर्षांची पदवी आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी असे दोन मार्ग झाले आहेत. चौथें वर्ष त्याच कॉलेजांत होतें कीं अन्यत्र जावें लागतें, हें आधींच समजून घ्यावें. रसायनशास्त्राची जोड शक्य तों सोडूं नये. जिवंत पेशींतील व्यवहार त्यावांचून उमगत नाहींत. संशोधनाचीच ओढ असेल, तर २००६ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या आयसरचा पांच वर्षांचा अभ्यासक्रमही पहावा. त्याची प्रवेशपरीक्षा वेगळी असते.

पांचवा प्रश्न पालकांचा : खर्च किती? एकाच कॉलेजांत वनस्पतिशास्त्राचा वर्ग अनुदानित आणि जैवतंत्रज्ञानाचा विनाअनुदानित असूं शकतो, व दोहोंच्या शुल्कांत मोठें अंतर पडतें. नव्या विषयाचें नांव भारदस्त वाटतें म्हणून घर गहाण टाकूं नये. शिष्यवृत्तीची चौकशी प्रवेशापूर्वीं करावी, नंतर नव्हे. मुलगी दूर जात असेल, तर वसतिगृह आईनें स्वतः पाहून यावें.

पालकहो, या पांच प्रश्नांस दोन दिवस व थोडें एसटीचें भाडें लागेल. मुलाच्या तीन-चार वर्षांपुढें तें कांहींच नाहीं. विद्यार्थी मित्रहो, संकोच करूं नका. जें कॉलेज अशा प्रश्नांनीं रागावतें, त्यानें आपलें उत्तर दिलेंच आहे, असें समजा. शेवाळ पाहणाऱ्या त्या मुलाला दिलेला सल्ला मला परत घेतां येत नाहीं. तुम्हांला मात्र मी नांव सांगणार नाहीं. तुम्ही जाऊन पहा, आणि पाहून आल्यावर माझ्याकडे या.