पेटी नसलेल्या शाळेतील संगीत

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात संगीताचा तास असलाच तर तो बहुधा शेवटचा असतो, आणि परीक्षा जवळ आली की तोच आधी गणिताला दिला जातो. कारण विचारले तर उत्तर ठरलेले : शाळेत पेटी नाही, तबला नाही, गाणे शिकविणारे गुरुजी नाहीत. या तिन्हींवाचूनही लहान मुलांना संगीत शिकविता येते, कारण त्याचे बरेचसे साहित्य मुले घरून व गावातून बरोबर घेऊनच येतात, एवढेच मला येथे मांडावयाचे आहे.

हा विचार आपल्या जिल्ह्याला परका नाही. हाताला वळण लावणे जितके आवश्यक, तितकेच आवाजाला वळण लावणेही आवश्यक, असे गांधीजींनी १९३७ साली 'हरिजन'मध्ये लिहिले होते. त्याच वर्षी २२ व २३ ऑक्टोबरला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने आखलेल्या सात वर्षांच्या अभ्यासक्रमात मूलोद्योग, मातृभाषा व गणित यांच्या पंक्तीला संगीतही होते. हाताने ताल धरणे, तालावर पावले टाकणे आणि समूहगान यांवर त्यात भर होता. यांपैकी कशासाठीही वाद्य विकत घ्यावे लागत नाही.

प्रारंभ तालापासून करावा. मुलांना गोलात उभे करून प्रत्येकाला आपले नाव टाळ्या वाजवीत म्हणावयास सांगावे. सर्वांनी ते तसेच परत म्हणावे. 'सीता'ला दोन टाळ्या, 'वंदना'ला तीन. नावे संपली की गोलातच आठ-आठ पावले चालावे. पहिल्या पावलावर टाळी वाजवावी, पाचव्यावर हात नुसताच बाजूला न्यावा. हाच केरवा, सम आणि खाली हे शब्द मागाहून सांगितले तरी चालतात. सहा पावले केली, पहिलीवर टाळी दिली आणि चौथीवर हात मोकळा सोडला, की दादरा होतो. ज्याचे पाऊल चुकते त्याचा शेजाऱ्याला धक्का लागतो, सगळे हसतात व तोही हसतो. गुरुजींना रागवावे लागत नाही. वृत्तांच्या मात्रा मोजताना आपणा कला शाखेच्या विद्यार्थ्यांची जी तारांबळ उडते, तीही लहानपणी असे चाललो असतो तर कदाचित कमी झाली असती!

दुसरा खेळ कानाचा. सारखे सहा डबे घ्यावेत. दोनांत सरकी, दोनांत तूर व दोनांत खडे भरून झाकणे लावावीत. डबे हालवून मुलांनी जोड्या जुळवावयाच्या. सरकीचा आवाज दबका, तुरीचा खणखणीत, खड्यांचा कर्कश. हा खेळ आमच्या मुलींना शिकवावा लागत नाही. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणून झाली की, झाकलेला डबा वाजवून खाऊ ओळखण्याची आपल्याकडे रीतच आहे. शाळेने ती फक्त वर्गात आणावयाची.

तिसरा खेळ स्वरांचा. पाच मुलांना ओळीने उभे करून सा, रे, ग, प, ध असे एकेक स्वर वाटून द्यावेत. ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्याने आपला स्वर लावावा. हे भूप रागाचे स्वर आहेत. मध्यम व निषाद वगळल्यामुळे अगदी चिकटून असणारे स्वर यात नाहीत. म्हणून ते कोणत्याही क्रमाने आले तरी कानाला खटकत नाहीत आणि भित्रे मूलही धीटपणे गाते. पुढे सारख्या आकाराचे पाच काचेचे पेले घेऊन त्यांत कमीअधिक पाणी भरावे व लाकडी काडीने हलकेच वाजवावेत. पाणी वाढविले की स्वर उतरतो, कमी केले की चढतो. अशा रीतीने जलतरंगही कळतो आणि विज्ञानाचा धडाही होतो.

यानंतर गाणी. हंगेरीतील संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांनी खेड्यापाड्यांत हिंडून लोकगीते गोळा केली आणि मुलांचे संगीतशिक्षण मातृभाषेतील लोकगीतांपासूनच सुरू व्हावे असा आग्रह धरला. आपल्याकडे भुलाबाईची गाणी आहेत, पोळ्याच्या झडत्या आहेत, गावोगावच्या भजनी मंडळांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी आहे. ती खंजिरी आठवड्यातून एकदा शाळेत मागून आणणे कठीण नाही. मात्र भुलाबाई मुलींची आणि झडत्या मुलांच्या अशी वाटणी वर्गात ठेवू नये. दोघांनी दोन्ही म्हणावे.

यात प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. माझ्या आईला अक्षरओळख नाही, पण भुलाबाईची गाणी तिला एका मागून एक अशी तोंडपाठ आहेत. शाळेत पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या घरातील मुलाला मात्र लवकरच कळते की, घरची बोली अशुद्ध आणि आईला येते ते ज्ञान नव्हे. मग ते गप्प बसू लागते. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एकट्याने उभे राहून द्यावे लागते. गाणे सर्वांबरोबर म्हणता येते. एकदा आवाज फुटला की पुढे धडा वाचावयासही तो उपयोगी पडतो. आणि जे गाणे आईने शिकविले तेच गुरुजींनी वर्गात म्हणावयास लावले, तर त्या मुलाच्या दृष्टीने आईही शहाणी ठरते.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण खेड्यात जातो, रस्ते झाडतो, शोषखड्डे खणतो. यंदा रोज एक तास तेथील प्राथमिक शाळेसाठी राखून ठेवावा, अशी माझी मित्रमैत्रिणींना व प्राध्यापकांना विनंती आहे. सामान म्हणून सहा डबे आणि पाच पेले पुरेत. गाणी नेण्याची गरज नाही. ती तेथे आहेतच, आपण फक्त मागावयाची आहेत.