भाकर आधी, विचारपूस मागून
(१ राजे १९ : १–९)

ईजबेलीच्या धाकाने एलीया रानात पळाला व रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवदूताने त्यास उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी उशाशी ठेविले. तो जेवला, पुन्हा निजला; दूताने दुसऱ्यानेही त्यास जेवावयासच उठविले. येथे का आलास, हे त्यास विचारिले गेले ते चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर.

पंडिता रमाबाईंस हा क्रम ठाऊक होता. त्यांचे आईबाप १८७४ साली उपासमारीत गेले होते. १८९७ साली मध्यप्रांताच्या दुष्काळातून त्यांनी शेकडो मुली व विधवा आणिल्या, त्यांस आधी अन्नवस्त्र दिले. केडगावचे विणकाम व छापखाना पुढचे.

पेडगावच्या बंधुभगिनींनो, पुराने उठलेली एखादी माउली लेकरांसह मंदिराच्या ओसरीवर आली, तर आपण गाव जमवून तिची कहाणी वदवून घेतो. आम्हीही एकदा तसे केले. ती बाई वाढलेल्या ताटावरून उपाशी उठली.

लुगड्याचा आडपडदा करावा. एका समजूतदार बहिणीने जवळ बसावे. ती बोलली तर ऐकावे, न बोलली तर गप्प राहावे. भाकरीच्या मोबदल्यात तिला प्रार्थनेस बसवू नये. भावंडे निरनिराळ्या घरी वाटून देऊ नयेत. अंथरूण भिजविणाऱ्या लेकरास रागावू नये, भयाने असे होते. एकटे लेकरू आढळल्यास १०९८ या क्रमांकास कळवावे. आणि दुसऱ्या दिवशी तिला तीन दगड, पीठ व जळण द्यावे. लेकरांची भाकर तिची तिला थापू द्यावी.