फोन घे गं, पण आधी मावश्यांना विचार

अगं, तुझा तो बारा मिनिटांचा व्हॉइस मेसेज मी कणीक मळता मळता ऐकला. मध्ये दोनदा तू रडवेली झालीस आणि एकदा कुकरची शिट्टी झाली, तेवढं सोडून सगळं कळलं. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणाऱ्या तुझ्या एकशे ऐंशी मावश्या. कोथरूडपासून विमाननगरपर्यंत पसरलेली आजी-आजोबांची घरं, ज्यांची मुलं न्यू जर्सीला नाहीतर मेलबर्नला. आणि तुझ्या मनात असं, की प्रत्येक मावशीच्या हातात तुझ्या संस्थेचं नाव असलेला, खास बनवून घेतलेला फोन असावा. उघडला की हजेरी, औषधांची नोंद आणि अडचणीत मदत मागायला एक मोठं लाल बटण, बाकी काही नाही. शेनझेनचा एजंट म्हणतो करून देतो, निम्मे पैसे आगाऊ टाका. आणि तुला चार रात्री झोप नाही.

आधी पाणी पी. पैसे अजून पाठवले नाहीस ना? मग काहीही बिघडलेलं नाही.

खरं सांगू का, या वाटेवर मी तुझ्याआधी तोंडावर आपटून आलेय. माझं ‘सुग्रास’ पोळी-भाजी केंद्र जोरात होतं तेव्हा डबे पोचवणाऱ्या मुलांसाठी मी असेच चाळीस फोन मागवले होते. एजंट इतका गोड बोलायचा की मी त्याला दिवाळीचा फराळ पाठवणार होते. फोन सुरू होताना पडद्यावर आपलं नाव झळकणार, याचाच मला केवढा आनंद! खोकी आली, फोन चालू केला, तर पडद्यावर ‘सुग्‌ रास’. तिकडे कुणीतरी जोडाक्षरं न जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेलं, आणि मी नमुन्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नखाएवढा बघून ‘ओके’ कळवलेलं. तुझे भावोजी अजून मला रागवायचं असलं की ‘सुग्‌-रास’ म्हणतात.

नावाचं हसू झालं ते परवडलं. पण त्या फोनवर प्ले स्टोअरच नव्हतं गं. अँड्रॉइड कुणालाही फुकट वापरता येतं, पण प्ले स्टोअर आणि मॅप्स हे गूगलचं घरचं दुकान. फोन गूगलच्या चाचण्यांत उतरला तरच कारखान्याला ते बसवायचा परवाना मिळतो. हे मला तेव्हा कुठे माहीत? पोरं पत्ते विचारत फिरायची. मे महिन्यात दोन फोनच्या बॅटऱ्या टम्म फुगल्या, पुऱ्यांसारख्या. बुधवार पेठेत बॅटरी मिळेल म्हणून गेले, तर दुकानदाराने फोन उलटापालटा करून परत दिला. म्हणाला, ‘मॅडम, या मॉडेलचं नावच कुणी ऐकलेलं नाही.’

माझे चाळीसच होते. आता मोठी गोष्ट ऐक, आपल्याच राज्यातली.

अंगणवाडी सेविकांना सरकारने पोषण अभियानातून २०१९ च्या सुमारास मोबाइल दिले. राज्यभरात लाखाच्या आसपास. मुलांची वजनं, उंची, गरोदर बायकांच्या नोंदी, सगळं त्यावर भरायचं. फोनची रॅम दोन जीबी. अ‍ॅप भरत गेलं, नोंदी वाढत गेल्या, फोन तापायला आणि अडकायला लागले. वॉरंटी संपली आणि दुरुस्तीचा खर्च आला सेविकांच्या गळ्यात, ज्यांचं मानधन आधीच तुटपुंजं. त्यातच २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर नावाचं नवं अ‍ॅप आलं, आणि त्यात माहिती भरायची इंग्रजीत. गावातल्या बाईने बाळाचं नाव इंग्रजीत टाइप करत बसायचं! त्या ऑगस्टमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत सेविकांनी मोबाइल गोळा केले आणि सरकारला परत करून टाकले. पिशव्या भरभरून. पुढे २०२३ च्या संपातही चांगल्या मोबाइलची मागणी होतीच.

बघ, त्या बायकांना काम येत नव्हतं असं कुणी म्हणूच शकत नाही. वर्षानुवर्षं मोठ्या रजिस्टरांत त्याच नोंदी त्या सुबक अक्षरात ठेवत होत्या. चूक झाली ती खरेदीच्या टेबलावर. तू आज त्याच टेबलाशी बसली आहेस, म्हणून एवढं तोंड वाजवतेय.

तर आता हिशेब. तुला हवेत एकशे ऐंशी, मोडतोडीला पंधरा-वीस जास्त. कारखाने दुसऱ्याच्या नावाचा फोन करून देतात, नाही असं नाही. पण हजाराच्या आत सहसा बोलणीच पुढे सरकत नाहीत. दोनशेला ‘हो’ म्हणणारा एजंट बहुतेक वेळा गोदामात पडून असलेला जुना माल तुझ्या नावाचं स्टिकर लावून देणार असतो. फोनचं अंगच वेगळं हवं, म्हणजे मोठं बटण, जाड कड, तर त्याला नवा साचा पाडावा लागतो. साच्याचे पैसे वेगळे आणि ते लाखांत. मावश्यांच्या पगाराच्या तारखा सांभाळताना तुझी किती ओढाताण होते, ते मला माहीत आहे.

आणि तुला जे खास हवंय ना, ते फोनच्या आत करता येतं. साधा, नाव असलेल्या कंपनीचा, कुठल्याही दुकानात दुरुस्त होणारा फोन घे आणि त्यावर एमडीएम बसव. म्हणजे सगळे फोन एका जागेवरून सांभाळायचं सॉफ्टवेअर. त्यात तू ठरवतेस की पडद्यावर कुठली अ‍ॅप दिसतील, यूट्यूब उघडेल की नाही. फोन हरवला तर ऑफिसात बसून पुसूनही टाकता येतो. पडद्यावर तुझं बोधचिन्ह लाव, हवं तर जांभळी पार्श्वभूमी लाव, तुला आवडते तशी. नवा फोन पहिल्यांदा चालू केला की स्वागताच्या पडद्यावर सहा वेळा बोटाने टकटक करायचं, क्यूआर कोड वाचायची सोय उघडते, आणि फोन तुझ्या ताब्यात. माझ्या पुतण्याने एका दुपारी चहाच्या दोन फेऱ्यांत तीस फोन लावून दिले. असं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपन्या शोधायला लांब जायला नको. स्केलफ्युजन, ज्याचं आधीचं नाव मोबीलॉक प्रो, ते पुण्यातल्याच कंपनीचं आहे. झोहोचंही असं एक आहे. दोघांकडून कोटेशन माग, महिनाभर चाचणीला माग, आणि मराठीत समजावून सांगणारा माणूस माग. मागायला लाजू नकोस, तुझे पैसे आहेत.

तुझ्या त्या लाल बटणाची अर्धी सोय तर आधीच झालेली आहे. पॉवरचं बटण लागोपाठ दाबून ११२ ला हाक देण्याची सोय भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या फोनला २०१७ पासून नियमाने हवीच. उरलेलं अर्धं, म्हणजे तुझ्या ऑफिसला कळणं, ते अ‍ॅपमध्ये करून घे.

आता मला माहीत आहे, एवढं ऐकूनही तुझ्या डोक्यात ते कोरलेलं नाव फिरत असणार. आणि कोण जाणे, दोन वर्षांत तुझ्या मावश्या हजारावर जातील, तेव्हा खरंच बनवून घ्यायची वेळ येईल. म्हणून तेही सांगून ठेवते, कुठेतरी लिहून ठेव.

नमुना हातात घेतल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. २०१६ मध्ये तो २५१ रुपयांचा फोन आठवतोय? सगळा देश बुकिंगला बसला होता. पत्रकारांना जो नमुना दिला, त्यावर दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं आणि ते व्हाइटनरने झाकलेलं. व्हाइटनरने गं! शाळेतल्या मुलांसारखं. तेव्हा नमुना आला की नखाने खरवडून बघ, खरंच सांगतेय. मग त्या नमुन्यावर सही-शिक्का करून एक आपल्याकडे ठेवायचा, एक त्यांच्याकडे, आणि करारात लिहायचं की माल याच्याबरहुकूम. शेवटचे पैसे माल तपासल्यावर.

मग बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी. फोन, बॅटरी, चार्जर, तिन्हींना लागते. आणि ही नोंदणी कारखान्याला मिळते, त्या वस्तूसाठी आणि त्या ब्रँडच्या नावासकट. म्हणजे कारखान्याकडे नोंदणी आहे एवढ्याने भागत नाही. फोनवर तुझं नाव आलं की ते नावही त्या नोंदणीत हवं. एजंट ‘सर्टिफिकेट है मॅडम’ म्हणून एक धूसर पीडीएफ पाठवतो, त्यावर भाळू नकोस. आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक माग आणि ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकून बघ.

आयएमईआय हा फोनचा पंधरा आकडी जन्मक्रमांक. १ जानेवारी २०२३ पासून तो सरकारी पोर्टलवर नोंदवल्याशिवाय फोन आयातच करता येत नाही, मग तो विकायला आण नाहीतर आपल्याच माणसांना वाटायला आण. प्रत्येक नमुन्यावर *#०६# दाबून क्रमांक बघायचा, मग इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून तो क्रमांक टाकून १४४२२ ला एसएमएस करायचा. दोन फोनचा क्रमांक एकच निघाला तर तिथेच हात जोडून निरोप घे. हा क्रमांक बदलणं हा गुन्हा आहे, २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड लिहिलाय. आणि पोलीस पहिल्यांदा कुणाच्या दारात येतील, शेनझेनला की कोथरूडला?

प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’मध्ये जाऊन फोन प्रमाणित आहे का तेही बघायचं. मी हे एक बघितलं असतं तर माझी पोरं पत्ते विचारत फिरली नसती.

भाषेचं मात्र कान उघडे ठेवून ऐक. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे फोनवर बावीस भारतीय भाषा वाचता आल्या पाहिजेत आणि लिहायला इंग्रजी, हिंदी आणि आणखी एक. ती ‘आणखी एक’ मराठीच असेल असं समजू नकोस. हिंदी कळफलकावर ‘ळ’ कुठल्यातरी कोपऱ्यात दडलेला असतो, आणि तुझ्या मावशीला दिवसातून दहा वेळा ‘गोळी’ लिहायचंय. ‘रक्तदाबाची गोली दिली’ अशा नोंदी वाचायच्या असतील तर तुझी मर्जी.

सुट्या भागांचंही आधीच लिहून घे: शेकड्याला किती पडदे, किती बॅटऱ्या, किती वर्षं. आपल्या रांजणगावच्या एमआयडीसीत एलजीच्या कारखान्यात एके काळी मोबाइल बनायचे, आठवतं? त्या एवढ्या मोठ्या कंपनीनेही २०२१ च्या एप्रिलमध्ये जगभरातला मोबाइलचा धंदा आवरत असल्याचं जाहीर केलं. मग तुझा एजंट दोन वर्षांनी फोन उचलेल याची खात्री कोण देणार?

जीएसटी अठरा टक्के, २०२० च्या एप्रिलपासून. पण तो तुला वळता होईल की नाही हे तुझ्या सेवेवर कर लागतो की ती माफ आहे यावर अवलंबून, तेव्हा तो प्रश्न तुझ्या सीएला विचार, मला नको. मी अजून डाळीच्या बिलात चुकते.

एक गोष्ट तू मेसेजमध्ये अगदी सहज बोलून गेलीस आणि मला ती खटकली. म्हणालीस, ‘चोवीस तास लोकेशन दिसेल, म्हणजे बरं.’ कुणाला बरं? मावशी ड्युटी संपवून घरी जाते, भाजी घेते, माहेरी जाते, कधी नवऱ्याशी भांडून बहिणीकडे जाते. ते तुला कशाला कळायला हवं? ड्युटी संपली की लोकेशन बंद, असं एमडीएममध्ये लावता येतं, ते लाव. आणि फोन देताना स्वच्छ मराठीत सांग की आम्हाला यातून काय दिसतं आणि काय दिसत नाही. नाहीतर तो फोन फडताळात साड्यांखाली जाईल आणि तू इकडे पडद्यावर एकशे ऐंशी स्थिर ठिपके बघत बसशील. फोडला तर पैसे कापणार, हेही म्हणू नकोस. ज्या दिवशी तसं म्हणशील, त्या दिवसापासून मावश्या तो रुमालात गुंडाळून ठेवतील आणि औषधाची वेळ परत कागदावर लिहितील.

तेव्हा असं कर. एजंटला आज काही उत्तर देऊ नकोस. घाई केली तर म्हण, ताईला विचारते. दुकानातून तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे साधे फोन आण, चार किंवा सहा जीबी रॅमचे, खाली नको. त्यावर तुझं अ‍ॅप घाल. मग सगळ्यांत हुशार मावशीला देऊ नकोस. जिला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि जी ‘मला नाही बाई जमणार’ म्हणते, तिला दे. तळघरात पार्किंग आणि वर अकरा मजले अशा एखाद्या सोसायटीत पाठव, रेंज कळेल. एक फोन दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीत उन्हात ठेव, तापतो का बघ. पंधरा दिवस जाऊ दे.

आणि त्यानंतरच्या शनिवारी दुपारी त्या मावशीला घेऊन माझ्याकडे ये. कोटेशनं पण आण, छापून आण, मला मोबाइलवर बारीक अक्षर वाचता येत नाही. मी थालीपीठं लावते. आपण दोघी गप्प बसू आणि तिला बोलू देऊ.