साइट बदलण्याआधी ग्रुप पाहा



निवड चाचणी जवळ आली की रिसालीत माझ्याकडे शिकायला येणारी मुले एक प्रश्न हमखास विचारतात : "सर, पिस्तुलाला नवी साइट बसवली तर गुण वाढतील का?" बाजारात चमकदार टोकाच्या, रुंद-अरुंद खाचेच्या, बारीक क्लिकच्या कितीतरी साइट मिळतात. जाहिरात पाहिली की वाटते, आपल्यात आणि पदकात एवढीच वस्तू आड आहे. मी भिलाईच्या पोलाद कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढले आणि निवृत्तीनंतर एअर पिस्तूल शिकवतो. दोन्हीकडे नियम एकच : मोजल्याशिवाय पाना लावायचा नाही. आजचा धडा त्यावरच आहे.

साइटचे काम

स्पर्धेच्या पिस्तुलावर दोन भाग असतात. नळीच्या टोकाजवळ पुढची साइट. जुने लोक तिला माशी म्हणतात. मागे चौकोनी खाच असलेली मागची साइट. माशी खाचेच्या बरोबर मध्ये हवी, दोन्ही बाजूंना सारखा उजेड दिसावा आणि माशीचा माथा खाचेच्या माथ्याशी एका रेषेत यावा. नजर माशीवर, लक्ष्य थोडे धूसर दिसले तरी चालते, किंबहुना तसेच दिसायला हवे. नेम काळ्या गोलाच्या मध्यावर न धरता त्याच्या खाली, पांढऱ्याची एक पट्टी सोडून धरण्याची पद्धत आहे, कारण काळ्यावर काळी माशी हरवते.

आंतरराष्ट्रीय नियमांत पिस्तुलाच्या स्पर्धांना फक्त अशी उघडी साइटच चालते. दुर्बीण, लेझर, लाल ठिपका काहीही चालत नाही. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, ते अशाच माशी आणि खाचेवर.

अर्ध्या मिलिमीटरचे गणित

१० मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. त्यापुढचे प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरने बाहेर. छर्रा ४.५ मिलिमीटरचा आणि रेषेला स्पर्श झाला तरी वरचा गुण मिळतो. म्हणून छर्ऱ्याचे केंद्र मध्यापासून ८ मिलिमीटरपर्यंत हुकले तरी दहा, १६ पर्यंत नऊ, २४ पर्यंत आठ आणि ३२ पर्यंत सात.

आता दोन चुका पाहा. पहिली : साइट बरोबर जुळलेल्या आहेत, पण सगळा हात ५ मिलिमीटर डावीकडे गेला. छर्रा ५ मिलिमीटरच हुकतो. गुण दहा. दुसरी : हात जागेवर आहे, पण माशी खाचेत अर्धा मिलिमीटर सरकली. दोन साइटमधले अंतर ३३० मिलिमीटर धरा. १०,००० भागिले ३३० म्हणजे सुमारे ३० पट. अर्ध्या मिलिमीटरचे १५ मिलिमीटर झाले. गुण नऊ. पूर्ण मिलिमीटर सरकली तर ३० मिलिमीटर, गुण सात.

हात थोडा हलणारच. त्याची भीती नको. माशी आणि खाच यांची जुळणी मोडली की गुण जातात, आणि ती जुळणी डोळा व ट्रिगरवरचे बोट सांभाळतात. दुकानात ती मिळत नाही.

आधी ग्रुप

एका छर्ऱ्यावरून काही ठरवू नका. पाच-पाच छर्ऱ्यांचे तीन ग्रुप मारा आणि मध्ये साइटला हात लावू नका. मग कागद पाहा.

ग्रुप विखुरलेला असेल तर दोष साइटच्या जागेचा नाही. साइट हलवून विखुरलेला ग्रुप आवळत नाही, तो फक्त दुसरीकडे विखुरतो. ग्रुप घट्ट आहे आणि तिन्ही वेळा एकाच बाजूला जातो, तर साइट सरकवायची. मात्र उजव्या हाताच्या नेमबाजाचे छर्रे खाली-डावीकडे जात असतील तर आधी ट्रिगर झटक्याने ओढला जातोय का ते तपासा.

गेल्या वर्षी दहावीतल्या एका कॅडेटचे छर्रे सारखे खाली-डावीकडे पसरत होते. वडिलांनी बोनसमधून नव्या साइटसाठी पैसे बाजूला काढले होते. मी तिला लक्ष्याचा कागद उलटा करून कोऱ्या पांढऱ्यावर मारायला लावले. ग्रुप जवळजवळ निम्म्यावर आला. काळा गोल समोर नसल्याने नजर माशीवरच राहिली आणि गोल दिसताच ट्रिगर घाईने ओढण्याची सवय सुटली. ते पैसे छर्ऱ्यांवर आणि कागदांवर खर्च झाले. चाचणीत ती संघात आली ती जुन्याच साइटवर.

किती सरकवायची

नियम सोपा आहे. मागची साइट छर्रा जिकडे न्यायचा तिकडे सरकवा. पुढची साइट त्याच्या उलट. किती, तेही मोजता येते : चूक गुणिले साइटमधले अंतर भागिले लक्ष्याचे अंतर. ग्रुप १६ मिलिमीटर डावीकडे आहे. १६ गुणिले ३३० भागिले १०,००० म्हणजे ०.५३ मिलिमीटर. मागची साइट साधारण अर्धा मिलिमीटर उजवीकडे. एका क्लिकला किती फरक पडतो ते पिस्तुलाच्या पुस्तिकेत दिलेले असते. केलेला बदल वहीत लिहा.

नवी साइट केव्हा आणि कशी

साइट ढिली होऊन हलते, स्क्रूची फिरकी शेवटपर्यंत गेली तरी ग्रुप मध्यावर येत नाही, किंवा खाच इतकी अरुंद आहे की माशीच्या बाजूंना उजेडच दिसत नाही. अशा वेळी एअर पिस्तुलाची साइट बदलणे योग्य. तेव्हा हा क्रम पाळा :

१. घरातले मोठे माणूस सोबत हवे. छर्रे दुसऱ्या खोलीत.
२. नळी सुरक्षित दिशेला. ब्रीच उघडून छर्रा नाही हे स्वतः पाहा, दुसऱ्याला दाखवा, सेफ्टी फ्लॅग घाला.
३. जुन्या साइटची जागा पेन्सिलने खूण करून ठेवा आणि मोजून वहीत लिहा.
४. नेमक्या मापाचीच ॲलन की वापरा. सैल की स्क्रूचे तोंड खाते.
५. त्याच मॉडेलसाठी बनलेलीच साइट बसवा. कानस घेऊन ती बसती करायची नाही.
६. स्क्रू बेताने आवळा. मग रेंजवर जाऊन पुन्हा तीन ग्रुप.

हे काम चाचणीच्या आठवड्यात करू नका. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला आणि मोलाची मिनिटे गेली. जिथे इतकी तयारी असते तिथेही असे घडते. म्हणून साधनाची तपासणी वेळेआधीच उरकायची.

पालकांसाठी

वरचे सगळे एअर पिस्तुलापुरते आहे. घरात परवान्याचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल असेल तर त्याची साइट मुलांनीच काय, तुम्हीही घरी बदलू नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती, रूपांतर आणि चाचणी यांच्या व्यवसायासाठी वेगळा परवाना लागतो. बाळगण्याचा परवाना म्हणजे दुरुस्तीचा परवाना नव्हे. खाचेत घट्ट बसलेली साइट ठोकून काढताना शस्त्र बिघडते, आणि चेंबरमध्ये राहिलेली एक गोळी घर उद्ध्वस्त करते. ते काम परवानाधारक गनस्मिथचेच. सैन्यातला जवानही आपले शस्त्र स्वतः दुरुस्त करत नाही; तो ते आर्मररकडे देतो. यात कमीपणा नाही, ती शिस्त आहे.

या आठवड्याचा सराव

कोऱ्या कागदावर पाच छर्ऱ्यांचे तीन ग्रुप, मग लक्ष्यावर तीन. दोन्हींची रुंदी पट्टीने मोजून वहीत लिहा. कोऱ्यावरचा ग्रुप लहान आला तर साइट ठीक आहे, नजरेवर काम करायचे आहे. वही घेऊन रेंजवर या. साइट घ्यायची की नाही ते आपण आकडे पाहून ठरवू.