पहिला हिवाळा आणि गाडीतली हवा : माजरीकडून परदेशी येणाऱ्यांसाठी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीत गाडी शिकलेल्या माणसाचा हात आपसूक एका बटणाकडे जातो, बाहेरची हवा बंद करून आतलीच आत फिरवणाऱ्या. पुढे वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) कोळसा खाणीचा धूळ उडवणारा टिप्पर असेल तर दुसरं करणार काय! त्यात मे महिन्यात चंद्रपूर-भद्रावतीकडे पारा ४७ अंशांच्या पुढे गेला की आतली गार झालेली हवा बाहेर सोडणं परवडत नाही. तिथे ही सवय योग्यच आहे. एडमंटन, विनिपेग, मिनिआपोलिस इथल्या हिवाळ्यात मात्र याच सवयीने पाच मिनिटांत समोरचा रस्ता दिसेनासा होतो. त्या भागातून येऊन इथे स्थिरावलेल्या आम्हा कुटुंबांचं नव्याने येणाऱ्यांना पहिलं सांगणं हेच आहे.

कारण साधं आहे. चार माणसांचा श्वास, बुटांबरोबर आत आलेला आणि विरघळणारा बर्फ, ओले कोट, या सगळ्याची वाफ गाडीत कोंडते आणि थंडगार काचेवर बसते. आपल्याकडे कूलर लावला की खिडकी उघडी ठेवतात, नाहीतर खोली दमट होते, इथेही तसंच. म्हणून हिवाळ्यात ते बटण बंद ठेवा, हवा बाहेरून येऊ द्या, झोत समोरच्या काचेकडे वळवा आणि सोबत एसी चालू ठेवा. थंडीत एसी कशाला, असं नवीन माणूस हमखास विचारतो. एसी हवेतलं पाणी काढून घेतो, मग हीटर तीच हवा गरम करतो. कोरडी गरम हवा काच लवकर साफ करते. कडाक्याच्या थंडीत एसीचा कॉम्प्रेसर आपणहून बंद राहतो, तेव्हा बाहेरची हवा मुळातच कोरडी असते. बूट झटकून आत बसायची सवय मुलांनाही लावा.

सकाळी गाडी सुरू केल्यावर झोत अगदी मंद येतो म्हणून बरेच जण घाबरून गॅरेजला फोन करतात. हीटरला वेगळी शेगडी नसते. इंजिनाच्या उष्णतेने तापलेलं कूलंट डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा फेकतो. इंजिन तापेपर्यंत गरम हवा येणार कुठून? ‘ऑटो’वर ठेवलेल्या बऱ्याच गाड्या तोवर ब्लोअर मुद्दाम हळू ठेवतात. अल्बर्टा-मॅनिटोबात गाड्यांच्या तोंडाशी विजेची पिन लोंबताना दिसेल. ती ब्लॉक हीटरची, म्हणजे इंजिन विजेवर गरम ठेवणाऱ्या उपकरणाची. पारा उणे २० च्या खाली जायचा असेल त्या रात्री ती लावून ठेवा.

इंजिन तापल्यावरही त्रास राहिला, तर आधी नीट ठरवा : झोतच कमी आहे, की झोत जोरात आहे पण गार आहे? या दोन तक्रारींचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो, आणि गॅरेजमध्ये त्यांची सरमिसळ केली की नको ते काम निघतं.

झोत कमी असेल तर सुरुवात फुकटच्या कामापासून करा. वायपरच्या मुळाशी जाळी असते, हवा तिथूनच आत शिरते. ऑक्टोबरात ती पानांनी आणि जानेवारीत बर्फाने भरते. आत फिरवायचं बटण दाबल्यावर झोत एकदम वाढला, तर अडथळा बहुधा त्या जाळीतच आहे. दोन्हीकडे मंदच असेल तर केबिन फिल्टर पाहा. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि घरच्या घरी बदलता येतो. त्याच्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवायचा एवढंच. वर्षाकाठी एक बदला. वणव्यांच्या धुराचा उन्हाळा गेला असेल, २०२३ साली कॅनडात गेला तसा, तर त्याआधीच. धुराच्या दिवसांत मात्र माजरीचं बटण पुन्हा कामी येतं.

ब्लोअर फक्त सगळ्यात वरच्या वेगावर चालत असेल तर बहुधा रेझिस्टर गेला आहे. तो भाग सहसा स्वस्त असतो. अजिबातच चालत नसेल तर आधी फ्यूज तपासा. काचेकडे झोत लावूनही हवा पायांशीच येते आणि डॅशबोर्डमागे टकटक ऐकू येते, म्हणजे हवा वळवणारा फ्लॅप फिरवणारी लहान मोटर बिघडली आहे. गाडी महिनाभर उभी ठेवून भारतात जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं : शरदात उंदीर थेट ब्लोअरमध्ये घरटं करतात. उन्हाळ्यात अर्ध्या तासाने झोत मंदावतो आणि गाडी थोडा वेळ उभी केल्यावर पूर्ववत होतो, तेव्हा एसीच्या आत बर्फ धरतो आहे. एसी बंद करून नुसता पंखा चालवा, आणि असं वारंवार झालं तर गॅस तपासून घ्या.

झोत जोरात पण गार असेल तर कूलंट कमी झालं असेल किंवा थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल. थर्मोस्टॅट असा अडकला की तापमानाचा काटा मध्यापर्यंत चढतच नाही. पातळी पाहायची ती इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. नुसतं पाणी भरून वेळ मारून नेणं आपल्याकडे चालतं, इथे ते गोठून इंजिनच फोडतं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं घेतलं की सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत निभावतं. गाडीत गोडसर वास आणि काचेवर तेलकट थर आला तर तो छोटा रेडिएटर गळतो आहे. ती वाफ विषारी असते, काम पुढे ढकलू नका. अनेक गाड्यांत त्यासाठी डॅशबोर्ड काढावा लागतो, म्हणून मजुरीचा अंदाज आधी लेखी घ्या आणि दुसऱ्या एका गॅरेजलाही विचारा.

घरच्या गॅरेजात गाडी तापवत ठेवू नका, दार उघडं असलं तरीही नको. बर्फ पडल्यावर इंजिन सुरू करण्याआधी मागे जाऊन सायलेन्सरची नळी मोकळी करा. ती बुजली की कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो आणि त्याला वास नसतो. हायवेवर हीटर बंद पडला तर कॅनडात सीएए, अमेरिकेत एएए ही मोटारचालकांची संघटना मदतीला येते, पण त्यांना पोहोचायला वेळ लागतो. त्यासाठी डिकीत घोंगडी, हातमोजे, टोप्या आणि एक फावडं ऑक्टोबरातच टाकून ठेवा.