तारांस पीळ कां असतो?

घरीं दोन जुने संगणक जोडूं पाहणाऱ्या आमच्या गोंदियाच्या विद्यार्थ्यांनीं इथरनेट केबलीचा एक तुकडा सोलून पाहावा. आंत ८ बारीक तारा ४ जोड्यांत पिळलेल्या दिसतील. हा पीळ शोभेचा नव्हे. जोडींतील तारांतून परस्परविरुद्ध संकेत जातात. बाहेरील विजेचा उपद्रव पिळामुळें दोहोंस सारखाच पोहोंचतो. पलीकडे दोहोंतील फरकच वाचला जात असल्यानें तो वजा होतो. यास्तव टोक बसवितांना पीळ अर्ध्या इंचाहून अधिक उकलूं नये. केबल १०० मीटरांहून लांब नसावी.

पुण्याच्या सी-डॅकनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक अनेक लहान प्रक्रियक जोडूनच उभारिला. म्हणून पालकांस आम्ही सुचवितों कीं, जुना संगणक भंगारांत देण्यापूर्वीं मुलांच्या हातीं द्यावा. मात्र वीजपुरवठ्याची पेटी कोणीं उघडूं नये; वीज बंद केल्यावरही तींत भार उरतो.