पेस्ट कोणती, यापेक्षा कूलर कसा काढता?

प्रश्न : माझ्या संगणकातला रायझन 5 2600 काढून रायझन 5 5600 बसवणार आहे. दुकानदार म्हणतात, महागडी थर्मल पेस्ट घेतलीत तर तापमान दहा अंशांनी उतरेल. खरं आहे का? की जुन्या कूलरवरची पेस्टच चालेल?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : दहा अंश काही उतरणार नाहीत. आर्क्टिक एमएक्स-4 किंवा नॉक्टुआ एनटी-एच1 यांसारखी नावाजलेली साधी पेस्ट आणि सगळ्यात महाग पेस्ट, यांत तुमच्या प्रोसेसरवर फार तर दोन-तीन अंशांचा फरक दिसेल. शिवाय 5600 कूलरसकट बॉक्समध्ये घेतलात, तर त्या कूलरच्या तळाला पेस्ट लावलेलीच असते. मग वेगळी घ्यायची गरजच नाही.

प्रोसेसरची धातूची टोपी आणि कूलरचा तळ बोटाला गुळगुळीत लागतात, पण दोन्हींवर बारीक खळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. हवेची उष्णतावाहकता जेमतेम 0.026 वॅट प्रति मीटर-केल्विन. पेस्टची कंपन्या 8 ते 14 सांगतात, आणि तांब्याची 400 च्या आसपास असते. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा शेकडो पट सरस असली, तरी तांब्यापुढे अगदीच कमी पडते. तिनं खळगे तेवढे भरायचे. जाड थर दिलात तर तीच उष्णतेच्या वाटेत आडवी येते. म्हणून मधोमध वाटाण्याएवढा थेंब ठेवा, कूलरचे स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. दाबानं ती आपोआप पसरते.

कोणी ‘लिक्विड मेटल’ सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम पोखरतं, आणि बॉक्समधल्या कूलरचा तळ ॲल्युमिनियमचाच असतो. शिवाय त्यातून वीज वाहते. मदरबोर्डवर एक थेंब सांडला तरी शॉर्टसर्किट होऊ शकतं.

जुनी पेस्ट पुन्हा वापरू नका. कूलर उचलला की थर फाटतो आणि पुन्हा बसवताना मध्ये हवा राहते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घेऊन ती पूर्ण पुसा.

खरी काळजी मला वेगळीच वाटते. एएम4 सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, 1331. वाळलेली पेस्ट इतकी घट्ट धरते, की कूलर सरळ वर ओढला तर सॉकेटची कडी लावलेली असूनही प्रोसेसर त्याला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. पुढे विकता आला असता तो 2600 मग मातीमोल होतो. मदरबोर्डला 5600 ओळखता यावा म्हणून आधी जुन्या प्रोसेसरवरच त्याचं बायोस अद्ययावत करून घ्या. मग दहा-पंधरा मिनिटं एखादा जड गेम चालवा, म्हणजे पेस्ट मऊ होईल. संगणक बंद करून वायर काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर हलक्या हातानं डावीकडे-उजवीकडे फिरवा. तो सुटल्याचं हाताला कळतं. तेव्हाच उचला.

5600 ची कमाल मर्यादा 90 अंश आहे. खोलीचं तापमान जितकं वाढेल, साधारण तितकंच प्रोसेसरचंही वाढतं, त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात गेम खेळताना 80 दिसलं तर घाबरू नका. साधं ब्राउझर उघडल्यावरही 90 दिसत असेल, तर नवी पेस्ट आणायला धावण्याआधी कूलरचे चारही स्क्रू पूर्ण बसलेत का आणि तळाचं प्लॅस्टिकचं आवरण काढलंय का, ते बघा.